पेटीची दुसरी कडी

कांद्याची लागण सुरू झाली की माझ्या खिडकीत आधी वास येतो, माणसं नंतर दिसतात. उपटलेल्या कोवळ्या रोपांचा वास. तयार कांद्यासारखा तो डोळ्यांत जात नाही, ओल्या मातीत मिसळून नाकाशी येऊन थांबतो. आमच्या इमारतीच्या मागं दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये शेताचा एवढासा तुकडा अजून राहिला आहे. मालकाला विकायचा नसेल, किंवा भाव पटला नसेल. मार्गशीर्ष लागला की तिथं वाफे बांधतात, पाणी सोडतात आणि सकाळी टेम्पोतून बायका येतात. पूर्वी या बायका गावातल्याच असत, आता लातूर-नांदेडकडच्या असतात. नवरे कंपनीत शिफ्टला, या कांद्यात. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसते आणि त्यांच्या पायांकडं बघते. नर्सची सवय, दुसरं काय.

ओल्या वाफ्यात अनवाणी उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, चिरते, आणि मग जांभळं औषध लावावं लागतं. चाकणच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते तेव्हा या दिवसांत सकाळी पायांचीच रांग लागायची. मी औषध लावायची, हंसा पट्टी बांधायची. दुपारी बाळंतपणाची पेटी घेऊन आम्ही गावात निघालो की सकाळच्याच बायका वाफ्यातून हात वर करत. "बाई, लावल्यालं समदं चिखलात ग्येलं की!" औषध तासाभरात धुऊन जाणार हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरी त्या येत राहिल्या आणि आम्ही लावत राहिलो.

हंसा म्हणजे माझ्याबरोबरची दुसरी नर्स. खेडा जिल्ह्यातली गुजराती मुलगी, नोकरीत बदली होऊन आमच्या खेड तालुक्यात आली, यावर डॉक्टरसाहेब किती दिवस एकटेच हसत होते. तेव्हा द्वैभाषिक राज्य होतं. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. मराठी मुलूख आणि गुजरात एकाच राज्यात बांधलेले, राजधानी मुंबई, आणि बांधलेल्या दोघांनाही ते नको होतं. पण राज्य एक म्हणून सरकारी माणसाची बदली कुठूनही कुठंही व्हायची. तशी ती आली, पत्र्याची ट्रंक आणि लोणच्याची बरणी घेऊन. मी कऱ्हाडकडची. आम्ही दोघीही परक्याच, फक्त तिला ते बोलल्याबरोबर कळायचं.

तिचं मराठी मुंबईच्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात शिकलेलं. त्यामुळं त्यात सगळ्या आज्ञाच होत्या. झोप, कूस बदल, जोर दे, रडू नको. पहिल्याच दिवशी आमच्या घरमालकिणीला, ठकूकाकूंना, ती "बस!" म्हणाली आणि त्या माउली घाबरून खरंच मटकन खाली बसल्या. पुढं तिचं मराठी सुधारलं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचा गुजराती 'ने', म्हणजे आपला 'ना', चिकटलेलाच राहिला. मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. नंतर दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात तो नसला की वाक्य अर्धवट वाटायला लागलं.

आमची खोली ठकूकाकूंचे नवरे सोपानतात्या यांच्या घरामागं होती. दारातून आत आलं की डाव्या भिंतीला माझी वळकटी, उजव्या भिंतीला तिची, मध्ये रॉकेलचा स्टोव्ह. पहिले आठ-पंधरा दिवस स्टोव्हवर आळीपाळीनं दोन पातेली चढायची, तिची गोड डाळ आणि माझी तिखट आमटी. रॉकेल पुरेना, तेव्हा एकच पातेलं चढायला लागलं. त्यात ती गूळ टाकायची, मी मिरची, आणि कोणी किती टाकायचं यावर रोज भांडण. ठकूकाकू दारात उभ्या राहून बघत. म्हणायच्या, "तुमचं द्वैभाषिक बरं चाललंय की गं पोरींनो! मंग त्या मुंबैवाल्यास्नी का जमंना?"

गंमत अशी की आम्हा दोघींनाही द्वैभाषिक नकोच होतं. माझा भाऊ संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आला होता. तिच्या गल्लीतल्या एका कॉलेजातल्या मुलाला तिकडच्या वेगळ्या गुजरातच्या चळवळीत, गोळीबारात गोळी लागली होती आणि तो पुन्हा नीट चालला नाही. बाजारतळावर सभा असली की आम्ही दोघी जायचो. शाहिरानं डफावर थाप मारली की माझ्या अंगावर काटा यायचा आणि हंसा माझ्याहून जोरात टाळ्या वाजवायची. पुढचे लोक वळून बघत. कोणी तरी एकदा विचारलंच, "बेन, तुमी कुनाच्या बाजूनं?"

"मला पण वेगळाच पाहिजे ने!" ती म्हणाली, आणि सगळे हसले.

मीही हसले. आमच्यात या बाबतीत कधी मतभेद झाला नाही. आता वाटतं, झाला असता तर बरं झालं असतं. भांडून वेगळं झालेल्या माणसाचा निदान राग तरी करता येतो. आम्हाला दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि ती मिळाली.

लागणीच्या दिवसांत आम्ही पायीच हिंडायचो. बाळंतपणाची पेटी लाकडी, जड, दोन बाजूंना दोन लोखंडी कड्या. हंसा डावखुरी, म्हणून ती नेहमी उजव्या अंगाला चालायची आणि डाव्या हातानं कडी धरायची. मी डाव्या अंगाला, माझ्या उजव्या हातात दुसरी कडी. बांधावरून चालताना एकीला वाफ्यात उतरावं लागायचं, मग पेटी तिरकी व्हायची आणि आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. त्या किणकिणीवरून बायका ओळखत की आम्ही आलो. कधी राजगुरुनगरच्या वाटेला, कधी आळंदीच्या अंगाला चऱ्होलीपर्यंत. चऱ्होलीच्या शिवारात तेव्हा माणूस दिसला तर दिसला, बाकी हरभरा आणि ज्वारी. हंसा चालताना बोलायची आणि मी ऐकायची. मला बोलता येत नाही असं नाही, पण तिच्यापुढं गरज पडायची नाही.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला बातमी पक्की झाल्यासारखी झाली. द्वैभाषिक मोडणार. दिल्लीलाही आता ते नको आहे, असं लोक बोलू लागले. चाकणच्या बाजारात, दवाखान्याच्या ओट्यावर, पारावर, जो तो फायदे सांगायला लागला. कचेरीत अर्ज आपल्या भाषेत, कोर्टात निकाल आपल्या भाषेत, मंत्री आपला, नोकऱ्या आपल्या पोरांना, आणि मुंबई आपली. हे सगळं मोठ्यानं सांगितलं जायचं. तोटे सांगणारे थोडे आणि तेही आवाज उतरवून सांगत. पेढीवाले आपला पैसा घेऊन तिकडं गेले तर? सीमेवरच्या गावांचं काय, कुणाला कुठं टाकणार? मोठ्या राज्याचा दिल्लीत जो दरारा, तो दोन तुकड्यांना राहील का? कांद्याच्या आडत्यांना वेगळीच काळजी, सुरतेकडं जाणाऱ्या मालाला वाटेत नाका बसला तर कांदा गाडीतच सडायचा. मी हे सारं ऐकत पट्ट्या गुंडाळत बसायची. यातला एकही तोटा मला खरा वाटत नव्हता. नाका बसेल, उठेल, माणसं वाट काढतील, असं वाटायचं.

त्याच महिन्यात आमच्या घरी एक वेगळंच द्वैभाषिक मोडलं. सोपानतात्यांचा आणि शेजारच्या दगडूनानांचा वारंगुळा होता. दोघांकडं एकेकच बैल. एकट्या बैलावर औत चालत नाही, म्हणून दोघं आपापला बैल आणून जोडी करत आणि आळीपाळीनं एकमेकांची रानं करत. याला वारंगुळा म्हणतात. यांचा बापांपासून चालत आलेला. तात्यांचा सर्जा उजव्या अंगाला, नानांचा पवळ्या डाव्या अंगाला. त्या वर्षी पाणी कमी, लागणीची घाई, आणि आधी कुणाचं रान करायचं यावर शब्दाला शब्द लागला. "तुझ्या बैलाबिगर माझं अडलंय व्हय?" असं तात्या बोलून गेले आणि नानांनी पवळ्याचा कासरा धरून रस्ता धरला.

रागाच्या भरात तात्या त्याच आठवड्याच्या बाजारात गेले आणि नवा बैल घेऊन आले. देखणा, पांढराशुभ्र, शिंगं बाकदार. विकणारा म्हणाला होता, दोन्ही अंगाला चालतो. बैल घेताना शेतकरी दात बघतो, खूर बघतो, दोन पावलं चालवून बघतो. तात्यांनीही ते सगळं केलं असेल, पण जुवाखाली घालून बघितला नाही. रागावलेला माणूस घाईत असतो. दुसऱ्या दिवशी सर्जाच्या डाव्या अंगाला त्याला जुपला तर तो सरळ चालेना. सारखा अंग टाकायचा, सर्जाला ढकलायचा, आणि औत फिरून पुन्हा बांधालाच यायचं. तोही उजव्या अंगाचाच निघाला. अख्खं शिवार बांधावर उभं राहून हसत होतं. दगडूनाना तेवढे हसले नाहीत, पाठ फिरवून आपल्या रानात काही तरी उकरत राहिले.

आम्ही पेटी घेऊन तिथूनच चाललो होतो. हंसानं विचारलं, "तात्या, त्याला त्रास होतो का?"

"तरास न्हाई बाई," तात्या घाम पुसत म्हणाले. "जलमभर उजव्या अंगाला चालल्याला हाय त्यो. डावीकडं जुपला की त्याला वाटतं, शेजारचं कुठं ग्येलं? मंग त्यो हुडकत बसतो."

"शिकेल ने?"

"शिकंल की. तरना हाय. म्हातारा असता तर न्हाई शिकला."

हंसा त्या दिवशी पुढं चऱ्होलीपर्यंत गप्प होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, पाय दुखतात.

काय झालं ते मला रविवारी कळलं. सरकारी नोकरांना विचारणार होते, इकडं राहायचं की तिकडं जायचं. डॉक्टरसाहेबांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, ठरवून ठेव. हे तिनं मला पिंपरीला जाताना एस.टी.त सांगितलं. पिंपरीला आम्ही वर्षातून एकदोनदा जायचो, निर्वासितांच्या कॅम्पात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी तिथं दुकानं मांडली होती आणि लोकर पुण्यापेक्षा चांगली मिळायची. औषधाचा नवा कारखाना तिथून दिसायचा. आमच्या दवाखान्यातलं पेनिसिलीन तिथलंच. मी खिडकीतून त्या कारखान्याकडं बघत बसले. तिनं ठरवलं आहे का, हे मला विचारायचं होतं आणि विचारलं जात नव्हतं.

दुकानात एक म्हातारी सिंधी बाई होती, आम्ही तिला अम्मा म्हणायचो. लोकरीचे गुंडे काढता काढता तिनं हंसाला विचारलं, "सुना है, तुम लोग अलग हो रहे हो?"

"हां अम्मा."

"अच्छा है," ती म्हणाली. मग लोकर हातात तशीच धरून थांबली. "अलग होने के बाद गाड़ी चलेगी ना? इधर से उधर?"

हंसा हसली. "रोज चलेगी."

"फिर ठीक है बेटी. फिर कुछ नहीं हुआ," म्हातारी म्हणाली, आणि निळ्या लोकरीचा एक जादा गुंडा आमच्या पिशवीत टाकला.

परतीच्या गाडीत मी तो जादा गुंडा मांडीवर घेऊन बसले. त्या बाईनं देश सोडला तेव्हा मागं गाडी राहिली नव्हती, घर राहिलं नव्हतं, विचारायला माणूस राहिलं नव्हतं. तिच्यापुढं आमचं वेगळं होणं म्हणजे घरातल्या घरात चूल हलवण्यासारखं. मला माझीच लाज वाटली आणि थोडं हलकंही वाटलं. गाडी रोज चालणार होती.

पौषात एका संध्याकाळी हंसानं तांदूळ निवडायला घेतले आणि म्हणाली, "विमल, तू सांग. तुझं डोकं सरळ आहे. जाण्यात काय फायदा, काय तोटा."

मी समोर बसले. मला आजही ती संध्याकाळ स्वच्छ दिसते. दार उघडं, बाहेर ठकूकाकू शेळीला पाला घालत होत्या, रोपांच्या पेंढ्या ओट्यावर पोत्याखाली झाकून ठेवलेल्या. मी बोटं मोडत सांगितलं. तिची आई तिकडं एकटी आणि दम्यानं बेजार, हा पहिला फायदा. आपल्या भाषेत नोकरी, म्हणजे बढतीची परीक्षा तिला सोपी. इथं ती कायम बाहेरची राहील, नवं राज्य झाल्यावर तर जास्तच. लोक वाईट नाहीत, पण वरच्या जागा आधी आपल्यांना देतील. लग्न करायचं झालं तर तिकडंच होईल. मग तोटे. नवी जागा, नवे साहेब. इथल्या बायकांना तिची सवय झालेली, पण त्यांना दुसरीचीही होईल. पगारात फरक नाही. मी खरं तेच सांगितलं. आज पुन्हा विचारलं तरी यातला एकही शब्द मी बदलणार नाही.

हंसा तांदळातले खडे बाजूला करत होती. म्हणाली, "आणि तू? तू कोणत्या बाजूला?"

"मी कशाला त्यात?" मी म्हणाले. "हा तुझा प्रश्न आहे."

तिनं सूप उचललं, तांदूळ पाखडले. मग म्हणाली, "आज गूळ नको टाकू या. तुझ्यासारखी तिखट कर."

मला काय वाटत होतं ते आता सांगायला हरकत नाही. ती राहावी असं मला वाटत होतं. पण मी ते तिच्या फायद्या-तोट्यांत घालणार नव्हते. आजारी आईच्या विरुद्ध पारड्यात मी स्वतःला टाकायचं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. म्हणून मी मिरच्या मोडल्या, आणि आम्ही दोघी ती आमटी नाकडोळे पुसत जेवलो. मिरचीचं निमित्त दोघींच्या उपयोगी पडलं.

हंसानं तिकडं जायचं कळवलं आणि राज्य मोडायच्या आधीच तिची बदली झाली. जायचंच आहे तर तिकडं जागा रिकामी आहे तोवर जा, असं वरून आलं. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही संसार वाटायला बसलो. स्टोव्ह माझा, पातेली तिची, पाटा-वरवंटा दोघींनी मिळून घेतलेला. हंसा म्हणाली, "पाटा महाराष्ट्राचा, वरवंटा गुजरातचा. दिल्लीला विचार!" आम्ही पोट धरधरून हसलो. ठकूकाकू बघायला आल्या, आम्हाला तसं हसताना पाहून डोळ्याला पदर लावून निघून गेल्या. शेवटी हंसानं एक लोणच्याची बरणी तेवढी नेली, तीही रिकामी. पातेली माझ्याकडंच राहिली.

तिची ट्रंक आम्ही दोघींनीच एस.टी.च्या थांब्यापर्यंत नेली. ट्रंकेलाही दोन कड्या होत्या. ती उजव्या अंगाला, मी डाव्या. वाफ्यातल्या बायका कामावरून उठून रस्त्याला आल्या, जांभळ्या पायांनी. एकीनं तिला कांद्याच्या रोपांची एक पेंढी दिली, गावाकडं लाव म्हणून. ती तिनं ओल्या फडक्यात बांधून घेतली. गाडीत चढताना म्हणाली, "उन्हाळ्यात ये. कांदे काढायला ये." मी येते म्हणाले. गाडी गेली आणि मी परत फिरले तेव्हा माझा उजवा हात अर्धवट मुठीतच होता. घरी येईपर्यंत मला तो सरळ करावासा वाटला नाही.

तिच्या जागी एक आया आली, चाकणचीच, भली बाई. पण ती पेटी धरायला माझ्या डाव्या अंगाला यायची आणि आम्ही बांधावर एकमेकींना ढकलत चालायचो. एकदा पेटीसकट वाफ्यात पडलो. बाटली फुटली आणि चिखलभर जांभळं औषध झालं. बायका हसल्या, मीही हसले. नंतर मी पेटी एकटीच डोक्यावर घेऊन जायला लागले. आयेनं वाईट वाटून घेतलं, पण तिला काय सांगणार?

महाशिवरात्रीच्या आसपास एका सकाळी दगडूनाना आमच्या अंगणात आले. हातात पवळ्याचा कासरा. त्यांनी पवळ्या सर्जाच्या डाव्या अंगाला नेऊन उभा केला आणि दोन्ही बैल तसेच शांत राहिले, मधले दिवस गेलेच नसल्यासारखे. तात्या आतून आले, त्यांनी बघितलं. "च्या घ्या," एवढंच म्हणाले. पांढरा बैल पुढच्या बाजारात विकला. मी दाराआडून हे पाहत होते आणि मला त्या दोन म्हाताऱ्यांचा भयंकर हेवा वाटला. त्यांच्यामध्ये एक बांध होता. बांध ओलांडून यायला एक सकाळ पुरते.

वैशाखात महाराष्ट्र राज्य झालं. कांदा काढून झाला होता, पातीखाली झाकून ठेवला होता. चाकणमध्ये गुढ्या उभ्या राहिल्या, ढोल वाजले, रात्रीसाठी सकाळपासूनच पणत्या मांडल्या गेल्या. मी दवाखान्यात पेढे वाटले, माझ्या पैशानं. मला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. माझ्या भावानं ज्यासाठी मार खाल्ला ते झालं होतं. कोणी मला आज विचारलं, वेगळं व्हायला हवं होतं का, तर मी हो म्हणेन. आपल्या भाषेत आपला कारभार ही लहान गोष्ट नाही. साध्या बाळंतिणीला कागदावर काय लिहिलंय ते वाचता येतं, मी ते डोळ्यांनी बघितलं आहे. घरी येऊन एक पेढा मी हंसाच्या भिंतीकडच्या कोनाड्यात ठेवला. तिकडं तीही त्या दिवशी पेढे वाटत असणार, हे मला माहीत होतं. मुंग्या लागल्या तेव्हा काढून टाकला.

गाडी रोज चालत होती. मी गेले नाही. पहिल्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली, रजा मिळाली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात माझी आई गेली. मग हंसाचं लग्न झाल्याचं कळलं, आणि मला वाटलं, आता तिच्या घरी तिखट आमटी कोण खाणार? तिचंही असंच काही तरी झालं असेल. वर्षं गेली की जायला कारण लागतं, आणि आठवण हे कारण म्हणून सांगायला संकोच वाटतो. त्या सिंधी अम्मानं गाडी विचारली होती. गाडी असूनही माणसं जात नाहीत, हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

मी चाकणलाच राहिले. सोपानतात्यांच्या रानावर आता गाड्यांचे सुटे भाग बनतात. माझा भाचा सचिन तिथल्याच एका कंपनीत आहे. तो, त्याची बायको मनीषा आणि त्यांची पोरं माझ्याबरोबर राहतात. मनीषा लातूरची. बोलते भरपूर. पोरं शाळेत गेली की तिच्यामुळंच या घरात आवाज असतो, नाही तर टीव्ही आणि मी.

काल बाजारातून येताना ती इमारतीच्या दारातच थांबली. म्हणाली, "आत्या, यांच्या कंपनीनं गुजरातेत नवा कारखाना काढलाय. यांना येता का म्हणून विचारलंय. पगार वाढंल, क्वार्टर मिळंल. पण पोरांची शाळा, भाषा... तुम्हीच सांगा बरं. फायदा काय, तोटा काय?"

जिन्याशी आम्ही उभ्या होतो. मागून रोपांचा तो वास येत होता. मी पिशवी खाली ठेवली.

"फायदाच जास्त आहे," मी म्हणाले. "भाषा सहा महिन्यांत येईल, वाक्याच्या शेवटी 'ने' लावायचं. लोक चांगले आहेत. गाडी रोज आहे." मग एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडून ते आलं. "आणि तोट्याच्या बाजूला मला धर. जा, पण मला धरून मग ठरव."

मनीषा माझ्याकडं बघत राहिली. तिनं वाकून पिशवीचा एक बंद उचलला, दुसरा माझ्यासाठी सोडला. पण ती माझ्या डाव्या अंगाला उभी होती.

मी तिला सरक म्हणणार होते. नाही म्हटलं. डाव्या हातात बंद घेतला आणि आम्ही जिना चढायला लागलो. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांना धक्के बसले, बटाटे घरंगळता घरंगळता राहिले. नंतर जमलं.